एकेकाला गप करून बघू

सातारा आणि सांगली यांच्यामध्ये धावणाऱ्या एकाही इंजिनाला माझ्या आत्याच्या यजमानांपासून आपलं दुखणं लपवता आलं नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. आमच्याकडं आत्याच्या यजमानांना मामा म्हणतात. हे मामा लढाईच्या काळात लष्कराच्या कारखान्यात डिझेलच्या लॉऱ्या दुरुस्त करायला शिकले आणि लढाई संपल्यावर खाकी अर्धी चड्डी, एक पाना आणि अमर्याद आत्मविश्वास घेऊन सांगलीला परतले. इंजिनापाशी उभे राहिले की ते मान तिरकी करून डोळे मिटत, आणि त्या वेळी शेजारी कुणी खोकलं तरी त्याला हाकलून देत. एकदा एका गुळाच्या व्यापाऱ्याची लॉरी जागेवर उभी असताना टिकटिक करू लागली. दोन मिस्त्री सगळं इंजिन उघडायला सांगून गेले होते. मामांनी इंजिन चालू ठेवलं आणि पहिल्या सिलिंडरला डिझेल पुरवणाऱ्या नळीचा नट सैल केला. तो सिलिंडर बंद पडला, टिकटिक चालूच. तो आवळून दुसऱ्याचा सैल केला, तरी चालूच. तिसऱ्याचा सैल करताच टिकटिक थांबली.

"ह्यो बोलतोय," मामा म्हणाले, "बाकीची गरीब हायती."

"आवं, पण चौथा तर बघा की," व्यापारी म्हणाले.

"चोर घावल्यावर गावाची झडती घ्यायची व्हय?" मामांनी पाना पुसून खिशात घातला. तिसऱ्याचंच बेअरिंग झिजलेलं निघालं.

एवढ्यावर थांबते तर ते मामा कसले. एकेकाला गप करून बघायचं, हा इलाज त्यांनी सगळ्या जगाला लावला. पोटात दुखू लागलं तेव्हा एक दिवस चहा बंद केला, एक दिवस भात, एक दिवस भाकरी. चौथ्या दिवशी तंबाखू बंद केली आणि दुखणं थांबलं. तेव्हा तपासणीतच काहीतरी चुकलं असं म्हणून त्यांनी पुन्हा चहापासून सुरुवात केली. माझ्या वरातीत बँड बेसूर वाजतोय असं त्यांच्या कानाला वाटलं, तर मी मुंडावळ्या बांधून घोड्यावर बसलेला असताना त्यांनी वरात थांबवली आणि एकेका वाजवणाऱ्याला गप बसवलं. क्लॅरिनेट थांबल्याबरोबर सूर जुळला. क्लॅरिनेटवाला बँडचा मालक निघाला. तो सगळा ताफा घेऊन निघून गेला आणि उरलेली वरात मी घोड्याच्या टापांवर काढली. "बघ गड्या, आता कायबी खटकत न्हाई," मामा मला वर बघून म्हणाले.

असे हे मामा एका उन्हाळ्यात ट्रंक घेऊन साताऱ्याला आमच्या दारात उतरले. बरोबर आत्या नव्हती. आठ दिवस त्यांनी घर डोक्यावर घेतलं. शेजाऱ्यांचा रहाट, माझ्या बायकोचं जातं, कशाचीही तपासणी त्यांनी बाकी ठेवली नाही. टपालवाला दिसला की मात्र हातातलं टाकून ते दाराशी जात. शेवटी मी विचारलं.

"पोराचं लगीन झाल्यापासनं घरात रोज कटकट हाय," ते म्हणाले. "सूनबाईला म्हायेरी कडेगावला धाडलं. कटकट चालूच. ती आल्यावर पोराला माधवनगरला दोस्ताकडं धाडलं. चालूच. मग तुझ्या आत्याला आटपाडीला भनीकडं धाडलं. तरी चालूच."

"मग?"

"मग ती आल्यावर ऱ्हायलो मी. पोराला सांगून आलोय, खरं काय ते लिहून कळव. मीच असलो, तर परत जाऊन काय करू?"

नवव्या दिवशी पत्र आलं. त्यांनी ते मलाच वाचायला लावलं. मुलानं लिहिलं होतं, घरी सर्व शांत आहे, काळजी नसावी.

"म्हंजे निदान चुकलं न्हाई," मामा म्हणाले. आपलं निदान बरोबर आल्याचं दुःख झालेला माणूस मी तेव्हा प्रथमच पाहिला. दोन दिवस ते कशालाही कान न देता ओसरीवर बसून राहिले, आणि मला त्यांच्याकडं बघवेना.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या मोटारीनं आत्या आली. आल्या आल्या पाणीसुद्धा न घेता त्यांच्यापुढं उभी राहिली.

"आवाज थांबला न्हवं?" मामांनी खाली मान घालून विचारलं.

"थांबला," आत्या म्हणाली. "तिघं तीन कोपऱ्यांत बसून जेवतोय. तुमास्नी आवाज खपत नसंल. मला खपतो. ट्रंक भरा."

मामांनी मुकाट्यानं ट्रंक भरली. मी त्यांना पोचवायला मोटारस्टँडवर गेलो. सांगलीची गाडी निघायच्या बेतात होती आणि तिचं इंजिन टिकटिक करत होतं. मलासुद्धा ते ऐकू आलं. ओळखीच्या ड्रायव्हरनं मोठ्या आशेनं मामांकडं पाहिलं. त्यांची मान जराशी तिरकी झालीही, पण शेजारी आत्या बोलत होती. तिला न सांगता दहा-बारा दिवस जाऊन राहणं, उन्हाची वेळ, लोक काय म्हणतील, सगळं तिनं एका दमात काढलं होतं. मामा तिच्याकडं वळले आणि शांतपणे ऐकत राहिले. दोघं आत बसले आणि गाडी तशीच टिकटिक करत निघून गेली.

मी घरी आलो. बायकोनं चहा केला आणि आम्ही समोरासमोर बसून तो प्यालो. घरात कसलाही आवाज नव्हता, आणि आम्हा दोघांनाही ते मुळीच आवडलं नाही.