पाठक मास्तर आणि ‘टेक’चे अर्थ

पाठक मास्तरांना या महिन्यात साठ वर्षे पूर्ण होत आहेत आणि ते शाळेतून निवृत्त होत आहेत. त्यांच्या व्यासंगाबद्दल या गौरवग्रंथात माझ्यापेक्षा अधिकारी मंडळी लिहितीलच. मी आठ वर्षे त्यांच्या हाताखाली शिकवले, एवढाच माझा अधिकार. आणि मला लिहायचे आहे ते एका क्रियापदाबद्दल. इंग्रजीतले अगदी साधे, रोजचे ‘टेक’.

घोडेगावच्या आमच्या इंग्रजी शाळेत मी रुजू झालो तेव्हा लढाई सुरू होती. नगरला मॅट्रिक झालो होतो, इंग्रजीत गुण चांगले पडले होते आणि ते डोक्यात गेले होते. पाठक मास्तर तिथले हेडमास्तर. त्यांनी माझी प्रमाणपत्रे चाळली, बाजूला ठेवली आणि विचारले, “‘टेक’चे अर्थ किती येतात?”

“दोन. घेणे आणि नेणे.”

“ठीक आहे. बाकीचे इथे येतील,” असे म्हणून त्यांनी मला तिसरीचा वर्ग दाखवला. मला राग आला होता, हे आज कबूल करतो.

मास्तर या एका शब्दावर आठवडा काढीत. चहा ‘टेक’ म्हणजे पिणे, फोटो ‘टेक’ म्हणजे काढणे, वेळ ‘टेक’ म्हणजे लागणे. आणि आंघोळ आपण करतो, साहेब ती ‘घेतो’. कोणी नुसते “टेक म्हणजे घेणे” म्हटले की मास्तर त्याला उभे करीत आणि विचारीत, “काय घेणे? शेजारी कोण आहे ते आधी पाहा.” शेजारचा शब्द पाहिल्याशिवाय अर्थ सांगायचा नाही, हा त्यांच्या वर्गाचा कायदा होता. मुले त्यांना पाठीमागे ‘टेक मास्तर’ म्हणत. मीही म्हणत असे.

एकदा इन्स्पेक्टर साहेब तपासणीला आले. त्यांनी एका मुलाला कविता म्हणायला लावली आणि संपल्यावर “टेक युअर सीट” म्हणाले. पोराने बसायचे पोते उचलले, काखोटीला मारले आणि तडक घर गाठले. साहेब हसून बेजार. मास्तर मात्र हसले नाहीत. संध्याकाळी ते स्वतः त्या मुलाच्या वस्तीवर गेले आणि म्हणाले, “चूक तुझी नाही. हा अर्थ शिकवायचा माझ्याकडून राहिला होता.” बसणे हा अर्थ त्यांनी त्याच दिवशी आपल्या वहीत लिहिला. मला तेव्हा हे सगळे फाजील वाटले. एवढ्यासाठी दोन कोस चालायचे?

पुढचा प्रसंग मी आजवर कोणाला सांगितलेला नाही.

गावच्या रखमाबाईंचा एकुलता एक मुलगा भानुदास पलटणीत होता. तो परमुलखात लष्करी इस्पितळात अत्यवस्थ असल्याची तार आली, ती मास्तरांनीच त्यांना वाचून दाखवली होती. त्यानंतर पंधराएक दिवसांनी रखमाबाई दुसरी तार घेऊन धापा टाकीत शाळेत आल्या. बाजाराचा दिवस होता, शाळेला सुट्टी होती. मास्तर बाजारात गेले होते. मी एकटाच वह्या तपासत बसलो होतो.

“मास्तर, वाचा की वं. काय लिवलंय? बरा हाय ना माझा भानुदास?”

तारेत पाचच शब्द होते, पेन्सिलीने खरडलेले. भानुदासचे नाव नव्हते, नुसता नंबर. “टेकन ऑफ डेंजरसली इल लिस्ट.” शेवटचा शब्द मला ‘लास्ट’ दिसला. टेकन म्हणजे नेलेला. ऑफ म्हणजे दूर. आजार भयंकर, आणि शेवट. मी शेजार पाहिला नाही. माझ्या तोंडून शब्द निघून गेला, “नेला.”

आपल्याकडे माणूस ‘नेला’ म्हटल्यावर कोणी नेला हे विचारावे लागत नाही. रखमाबाईंनी जो हंबरडा फोडला तो अजून माझ्या कानांत आहे. त्या तिथेच जमिनीवर कोसळल्या. मी खांबासारखा उभा.

आरडाओरडा ऐकून बाजारातली माणसे धावली, त्यांत मास्तर होते. त्यांनी माझ्या हातातून तार घेतली. एकदा वाचली, उजेडाला धरून पुन्हा वाचली. मग ते रखमाबाईंच्या शेजारी धुळीत बसले.

“बाई, इकडे बघा. नेला नाही, काढला. धोक्याच्या आजाऱ्यांची यादी असते, तीतून तुमच्या मुलाचं नाव काढलंय. त्याच्या जिवाचा धोका टळलाय.”

रखमाबाईंना ते पटेना. “खरं सांगताय? आईची शपथ?”

“आईची शपथ.”

त्या रडता रडता हसू लागल्या. मग एकदम माझ्याकडे वळल्या. “मग ह्ये मास्तर नेला का म्हनले?”

सगळा बाजार माझ्याकडे पाहत होता. मास्तर शांतपणे म्हणाले, “त्यांचं वाक्य पुरं व्हायचं होतं, एवढंच.”

“व्हय का? लई घाबरवलं बाबा तुमी!” असे म्हणून त्या माउलीने माझ्याच पाठीवरून हात फिरवला. मेल्याहून मेल्यासारखे झाले मला.

दुसऱ्या दिवशी मी राजीनामा लिहिला, तोही तोऱ्यात, इंग्रजीतून. मास्तरांनी तो वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवले.

“‘टेक लीव्ह’ लिहिलंय तुम्ही. याचे अर्थ दोन. रजा घेणे आणि निरोप घेणे. तुम्हाला कोणता हवाय?”

मी ती ओळ पुन्हा वाचली. मास्तर पुढे म्हणाले,

“रजा असेल तर उद्याची देतो. निरोप असेल तर मी घेत नाही.”

मी एक दिवसाची रजा घेतली. त्या दिवसापासून आजपर्यंत मी शेजार पाहिल्याशिवाय कुठलाही अर्थ सांगितलेला नाही. मला शिक्षक कोणी केले असे कोणी विचारले, तर मी मॅट्रिकचे नाव घेत नाही.

लढाई संपल्यावर भानुदास घरी आले. आता शेती पाहतात, डाव्या पायाने किंचित लंगडतात. त्यांची मुलगी यंदा शाळेत दाखल झाली आहे. मास्तरांच्या सत्काराला रखमाबाई पहिल्या रांगेत बसणार आहेत, असा त्यांचा निरोप आहे.

गेल्या आठवड्यात मास्तर शाळेतल्या खोलीतली आपली पुस्तके आवरत होते. अर्थांची ती वही त्यांनी मला चाळायला दिली. ‘टेक’चे पान भरत आले आहे. ‘नेणे’ या अर्थापुढे बारीक अक्षरात लिहिले आहे : “वाक्य पुरे करावे.” माझे नाव कुठेही नाही. मी मान वर केली तेव्हा मास्तर टोपी घालून दारात उभे होते. म्हणाले, “बरं आहे. आता आम्ही रजा घेतो.”

मास्तर, त्या पानावर खाली चार ओळींची जागा अजून कोरी आहे. ती सावकाश भरायला आपल्याला उदंड आयुष्य आणि ठणठणीत प्रकृती लाभो. आणि रजेबद्दल म्हणाल, तर उद्याची देतो. निरोप असेल तर आम्ही घेत नाही.