तीन सेकंद हलू नका

सदर इसम : वय छप्पन्न, हुद्दा भांडारपाल, बांधा मध्यम, वर्तणूक समाधानकारक. ओळखीची खूण : गळ्यात कॅमेरा. फ्लॅशविषयी मत प्रतिकूल. घरी आणि कचेरीत 'भाऊ' या नावाने परिचित.

यंदा सणाला भाऊंची मावशी येणार होती. ती आणि आई, दोघी सख्ख्या बहिणी, एका शिवणयंत्रावरून अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. दोघींचा एकत्र असा एकही फोटो घरात नव्हता आणि आई आता ब्याऐंशीची. मावशी सकाळच्या गाडीने परतणार, म्हणजे हातात एकच संध्याकाळ. आईने आढेवेढे घेत होकार दिला.

"फोटोपुरती उभी राहीन. बोलणार नाही."

हे भाऊंच्या पथ्यावरच पडलं. रस्त्यावरची रोषणाई मागे हवी, आणि फ्लॅश मारला की तिचा रंग उडतो. फ्लॅशशिवाय काढायचा तर कॅमेरा तिवईवर ठेवून तीन सेकंद शटरची झडप उघडी ठेवायची. तेवढा वेळ माणसांनी पुतळा व्हायचं. अबोला तांत्रिकदृष्ट्या सोयीचाच होता.

दोन्ही बॅटऱ्या चार्ज करून त्यांवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या लागल्या. लेन्स पुसायच्या फडक्याला घरात कोणी हात लावायचा नाही, असं फर्मान निघालं. भर दुपारी पडदे ओढून रंगीत तालीम झाली : आईच्या जागी बायको, मावशीच्या जागी कपड्यांचा स्टँड. तोंड वाकडं दोघांपैकी कोणी करायचं, एवढंच बायकोने विचारलं. भाऊंनी गॅलरीत पावलांच्या खुणा खडूने आखल्या.

दिवे लागले. दोघी खुणांवर उभ्या राहिल्या, एक उत्तरेकडे बघत, दुसरी दक्षिणेकडे. भाऊंनी श्वास रोखून बटण दाबलं. दुसऱ्या सेकंदाला मावशी ओठ न हलवता पुटपुटली, "ताई, हा लहानपणापासून असाच का गं?"

"बापावर गेलाय," आई म्हणाली.

मग दोघी खांदे हलवून हसल्या. भाऊंनी विनवलं, दटावलं, तिनाचे दोन सेकंद केले. तोवर शिवणयंत्राचा विषय निघाला होता, आणि तो मावशीची गाडी सुटेपर्यंत पुरला.

एकूण छायाचित्रे एकेचाळीस. रोषणाई, कठडा व कुंडी सुस्पष्ट. व्यक्ती दोन, दोन्ही अस्पष्ट. खराब माल यादीतून काढून टाकणं हे भाऊंचं रोजचं काम. त्यांनी एकही फोटो पुसलेला नाही.