लाकडातून जन्मलेली बदकं

तिफेन बदकं सोलायची. चाळीस वर्षं तिने दुसरं काही केलं नाही. आमचे फादर ओस्मों गावात आले त्याला बावीस वर्षं झाली, आणि तेवढ्या काळात तिने सोललेली बदकं खाण्याखेरीज त्यांनी काही केल्याचं मला आठवत नाही. मी त्यांच्याच चर्चची घंटा वाजवतो, तेव्हा हे ऐकीव नाही.

ही बदकं काळी. थंडीत उत्तरेकडून येतात आणि कोळ्यांच्या जाळ्यात सापडतात. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस मांस वर्ज्य, मासे चालतात. हे काळं बदकही चालायचं, कारण ते म्हणे अंड्यातून येत नाही. बुडालेल्या जहाजाचं लाकूड समुद्रात कुजलं की त्याला ही बदकं फुटतात, असं जुन्या ग्रंथात लिहिलं होतं. लिहिणाऱ्या महापंडिताने जन्मात ओलं लाकूड हातात धरलं नसणार. पण नॉर्मंडीचा सगळा किनारा त्याच्या शब्दावर जेवत होता, मग शंका कोण काढणार? लोक सफरचंदाच्या दारूत, सायडरमध्ये, शिजवलेलं बदक ओरपायचे आणि उपवासाने अंग सुटलं म्हणून एकमेकांकडे तक्रार करायचे.

तिफेनला खरं माहीत होतं. मादीचं पोट फाडलं की कण्यापाशी पिवळ्या दाण्यांचा घोस असतो, कोंबडीच्या पोटात असतो तसाच. एकदा तिने तो मला दाखवला.

"काय आहे गं हे?" मी विचारलं.

"डोळे दिलेत ना देवाने? मग मला कशाला विचारतोस?"

मी पुढे विचारलं नाही. घंटेची नोकरी टिकवायची होती. मी काही फार मोठा माणूस नाही.

मग रुआँ शहराहून डॉक्टर त्रुसेल आले. खांद्यापर्यंत केसांचा टोप, हातात भिंग, आणि साक्षीला दोन बडे मित्र. ही नव्या विद्येची माणसं. म्हणाले, "ग्रंथ मिटा, पक्षी फाडा, स्वतःच्या डोळ्यांनी बघा." मला ते ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण मग त्यांनी सुरी घेतली आणि पहिल्याच फटक्यात आतडं कापलं. वास सुटला तसे साक्षीदार नाकाला रुमाल लावून दाराबाहेर गेले. शेवटी तिफेननेच दुसरी मादी फाडली आणि दाण्यांवर बोट ठेवलं.

"अंडी," डॉक्टर म्हणाले. "आज मी हे शोधून काढलं."

"साहेब, मी चाळीस वर्षं बघतेय."

"बाई, सही येते तुला?"

"नाही."

"मग तुझं बघणं साक्षीत धरता येत नाही."

सह्या त्या दोघांनी केल्या, ज्यांनी रुमालाखेरीज काही पाहिलं नव्हतं.

फादर ओस्मों धावत आले. दाणे पाहून क्षणभर त्यांचा चेहरा पडला, मग खुलला. "अहो, ही तर गाबोळी. गाबोळी असते कोणात? माशात. म्हणजे बदक मासाच झालं." यावर डॉक्टर हसले. दोघांपैकी जास्त बिनडोक कोण, हे मला आजही ठरवता येत नाही.

डॉक्टरांचा कागद छापून बिशपसाहेबांपर्यंत गेला. वरून पत्र आलं: हे मांसच आहे, इतकी वर्षं हा अनाचार चालला कसा? फादरांनी घाम पुसला आणि सगळं तिफेनवर ढकललं. तिला ठाऊक होतं आणि तिने लपवलं, असं वर कळवलं. शिक्षाही त्यांनीच सुचवली. रविवारी चर्चच्या दारात अनवाणी उभं राहायचं, हातात मेणबत्ती धरून गावाची माफी मागायची. नाहीतर ईस्टरचा प्रसाद बंद, आणि मेल्यावर चर्चच्या आवारात जागा नाही. तिथे भिंतीलगत तिचा नवरा आणि दोन पोरी पुरलेल्या आहेत. तिची जागा त्यांच्या शेजारी ठरलेली होती. म्हातारीला जगात एवढंच हवं होतं.

रविवारी सगळं गाव जमलं. इतकी वर्षं बोटं चाटणारे लोक तोंडं पाडून उभे होते, जणू कोणी त्यांना बांधून भरवलं होतं. मला त्यांची किळस आली. डॉक्टरही वही घेऊन आले होते, अडाण्यांच्या चालीरीती टिपायला.

"माझं चुकलं," तिफेन म्हणाली. "हे मांस आहे हे मला माहीत होतं, आणि मी तुम्हाला सांगितलं नाही. एकालाच सांगितलं. दर वर्षी, उपवास लागायच्या आधी, पापांच्या कबुलीत. फादर आले त्या वर्षापासून."

फादरांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कबुलीत ऐकलेलं पाद्र्याला जीव गेला तरी बाहेर काढता येत नाही. हो म्हणता येत नाही, नाहीही म्हणता येत नाही. सांगणाऱ्याला मात्र स्वतःचं पाप चव्हाट्यावर मांडायची मुभा असते.

"मग त्यांनी काय सांगितलं, मावशी?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

"ग्रंथापुढे तुझे डोळे कोण, असं म्हणाले. गप्प राहा म्हणाले. आणि प्रायश्चित्त म्हणून दर आठवड्याला दोन बदकं त्यांच्या स्वयंपाकघरात पोचवायची. अंगाने भरलेली बघून."

सगळ्यांच्या नजरा फादरांच्या पोटावर गेल्या. डॉक्टर घाईघाईने लिहीत होते. मग लेखणी थांबवून म्हणाले, "बाई, याला साक्षीदार कोण?"

तिफेनने मेणबत्ती फादरांकडे केली. "हे आहेत ना. यांना सही येते."

फादर ओस्मों जमिनीकडे बघत पुढे आले, तिच्या हातातली मेणबत्ती घेऊन विझवली आणि बाजूला सरकून तिला आत जायला वाट दिली. ईस्टरला त्यांनी तिला प्रसाद दिला, हे मी जवळून पाहिलं. आता त्यांचं प्रवचन सुरू झालं की मागच्या बाकांवरून कोणीतरी हळूच विचारतं, "फाडून बघितलंय का?"

डॉक्टरांचं पुस्तक निघालं, त्यात तिचं नाव नाही. ती दोन वर्षांनी गेली, आणि भिंतीलगत पोरींच्या शेजारी तिचा खड्डा मी स्वतः खणला.