मनुबाईंचं बगदाद

साक्षरता वर्गात मनुबाई मला 'बाई' म्हणत. मी बावीस वर्षांची, त्या साठीच्या. शिवाय मी बौद्ध वस्तीतली आणि त्या उसाच्या बागायतदार घरातल्या. गावात काहींना ते खुपायचं. मनुबाईंनी त्यांना कधी भीक घातली नाही.

त्यांचे वडील केरबा पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर बगदादला जाऊन आले होते. एक्क्याण्णव साली टीव्हीवर त्याच शहरावर बॉम्ब पडताना दिसले आणि मनुबाईंनी हट्टच धरला. "तितं आदी कोन ऱ्हात हुतं, काय करत हुतं, मला वाचायचंय." अक्षरं शिकायला त्या आल्या त्या एवढ्यासाठी.

आमच्याकडे नवसाक्षरांसाठी पेटीभर पुस्तिका होत्या. हात धुवा, झाडं लावा. मनुबाईंनी एक उघडली आणि माझ्यासमोर आपटली.

"साठ वर्सं हात धुऊनच भाकरी थापतीया मी. बगदाद हाय का?"

मग मी कराड पालथं घातलं. एक जाडजूड ग्रंथ मिळाला, पानावर चार ओळी आणि खाली तळटिपांचं रान. "ह्यात मानूस कवा येतोय?" त्यांनी विचारलं. दुसऱ्यात नुसत्या लढाया आणि शिव्या. "ह्यो लिवनारा कुनावर तरी चिडलाय. न्या परत." मला राग आला, पण त्यांचं खरं होतं. साध्या माणसाला कळेल असं लिहायचंच नाही, अशी शपथ घेतली होती की काय या विद्वानांनी!

शेवटी सांगलीत जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक सापडलं. पुठ्ठा गेलेलं, पण मोठ्या टायपाचं. कागदाचा बाजार, दवाखाने, फारसी-संस्कृत पोथ्या अरबीत नेणारे पंडित, सगळं गोष्टीसारखं सांगितलेलं. मनुबाई रोज अर्धं पान वाचत.

त्र्याण्णवच्या मार्चात वर्गाच्या तपासणीला जिल्ह्याचे साहेब आले. दंगलींमुळे दिवस वाईट होते. गावसमितीचे अध्यक्ष लालासाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "ते मुसलमानांचं पुस्तक आत ठेव. आपल्या पुस्तिकेतलाच धडा वाचायचा." माझं डोकं सणकलं, तरी मी गप्प बसले. वर्ग बंद पाडायला त्यांचा एक शब्द पुरे होता. त्या गप्प बसण्याची मला अजून लाज वाटते.

मनुबाई उभ्या राहिल्या. हातातली पुस्तिका त्यांनी खाली ठेवली, पिशवीतून आपलं पुस्तक काढलं आणि ओळीखाली बोट धरून वाचायला लागल्या. "खलि-फा आजारी पडला. तेव्हा हिंदु-स्थाना-तून एक वैद्य बोला-वला..."

"मनुबाई, पुरं!" लालासाहेब ओरडले. "द्या ते पुस्तक हिकडं. न्हाईतर वर्ग बंद करीन."

"करा की. आता वाचाया मला कुनाची परवानगी लागत न्हाई."

लालासाहेब ताडकन उठले आणि वर्गातच बसलेल्या आपल्या बायकोला, चंद्राबाईंना, म्हणाले, "चल घरला."

चंद्राबाईंनी पदर नीट केला आणि त्या मनुबाईंच्या आणखी जवळ सरकल्या.

"तुमी व्हा फुडं. त्या वैद्याचं काय झालं त्ये ऐकून येते."