उशीवरून दिसणारी वेल

बड्या घरांत त्याला मान होता. साध्या भिंती तो घेतच नसे. छत आणि भिंत जिथे जुळतात तिथली प्लास्टरची नक्षी, म्हणजे वेली, पानं, द्राक्षांचे घड, तेवढंच तो रंगवायचा. लोक त्याला नक्षीवालाच म्हणत. आई मात्र चारचौघांत त्याला "आमचा रंगारी" म्हणायची. तिचा सगळा जीव धाकट्यावर. धाकटा परगावी मोठा साहेब. वर्षातून एकदा तोंड दाखवायचा आणि ते तिला वर्षभर पुरायचं.

कंबरेचं हाड मोडून आई खाटेला खिळली, तेव्हा ती थोरल्याच्याच वाट्याला आली हे सांगायला नकोच. अंग गेलं होतं, जीभ तेवढी शाबूत होती. उताणं पडून दिवसभर छताकडे बघायचं, एवढंच तिला उरलं होतं. म्हणून पन्नाशी उलटलेल्या या गृहस्थाने ठरवलं, की तिच्या खोलीतली नक्षी रंगवायची. आईने जन्मात त्याला कधी "छान केलंस" म्हटलं नव्हतं. आता नजर वळवायलाही तिला जागा नाही, आता तरी म्हणेल. इतकी खुळी आशा.

महिनाभर त्याने बाहेरचं काम घेतलं नाही. एरवी नक्षीतल्या सावल्या दारातून बघून भरतात, कारण पाहुणा दारातून बघतो. इथे त्याने उलटं केलं. चार पानं झाली की शिडीच्या घोडीवरून उतरायचं, आईच्या खाटेला लागून जमिनीवर आडवं व्हायचं आणि तिच्या उशीच्या रेषेतून वर बघायचं. पान चपटं वाटलं की पुन्हा वर चढून हिरवा गडद करायचा. लहानपणानंतर तो आईशेजारी असा पहिल्यांदाच पडत होता.

"ऊठ," आई म्हणायची. "घामाचा वास येतोय तुझ्या अंगाला."

तो उठायचा.

वेल पुरी झाली त्या सकाळी ती बराच वेळ वर बघत राहिली. तो चहाचा चमचा धरून उभा. तिने छान म्हटलं नाही, पण नावंही ठेवली नाहीत. तेवढ्यावर स्वारी दिवसभर खूश.

संध्याकाळी धाकटा आला. दारातूनच त्याने मान वर केली.

"दादा, वेल वाकडी झालीय रे. पानं सगळी एका अंगाला कललीत."

"दारातून तशीच दिसणार. आईच्या उशीशी येऊन बघ."

"आता जमिनीवर लोळू की काय?" धाकटा हसला. आईही हसली, त्या महिन्यात पहिल्यांदाच.

"महिनाभर नुसता पसारा," ती म्हणाली. "पांढरं करून टाक ते."

"आई, तुला तिथून सरळ दिसते ना?"

"दिसते की. अगदी खरी वाटते." तिने डोळे धाकट्याकडे वळवले. "पण त्याला वाकडी दिसते ना? पांढरं कर."

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने रुंद ब्रश काढला. धाकटा पेपर वाचत आईच्या उशाशी बसला होता. रंग जाड लावला की खाचा बुजतात आणि नक्षी मरते, हे थोरल्याला पक्कं ठाऊक होतं. तरी त्याने पातळ न करता पांढरा ऑइल पेंट फासला. पानांच्या शिरा बुजल्या, द्राक्षांचे नुसते गोळे झाले. एक थेंब आईच्या गालावर पडला. त्याने तो पाहिला आणि पुसायला उतरला नाही, हात चालवत राहिला.

शेवटचा कोपरा झाला. आईने छतभर नजर फिरवली.

"छान केलंस," ती म्हणाली. "हे आधीच करायचं होतंस."

घोडीवर उभ्या उभ्या त्याला बरं वाटलं. अगदी मनापासून, लहान मुलासारखं बरं वाटलं, आणि त्याची त्याला इतकी शिसारी आली की तो बराच वेळ खाली उतरू शकला नाही.