न्हावी घरी यायचा तेव्हा

शेजारच्या सुमनताईंच्या भिंतीवर त्यांच्या संपादक वडिलांचा, दादांचा फोटो आहे. फोटो काढायला निघालेला माणूस केस विंचरतो. यांचं डोकं मात्र ताजं भादरलेलं. परवा न राहवून विचारलंच.

"इंग्रजांविरुद्ध जहाल अग्रलेख लिहिला की दादा न्हाव्याला बोलवत. तुरुंगात उवा फार ना! न्हावी दिसला की आई मुकाट्याने पिशवी भरायला घ्यायची. हा फोटो तुरुंगात जायच्या आधीचाच."

आज सलूनमध्ये मानेवरून कात्री फिरली आणि वाटलं, लिहिताना ते कचरत नसतीलही. पण असं मान खाली घालून बसल्यावर मनात काय येत असेल?

संध्याकाळी पुन्हा ताईंकडे गेलो. "स्वातंत्र्यानंतर न्हाव्याला बोलावणं थांबलं असेल?"

"एकदा आला होता," त्या म्हणाल्या. "सरकार आपलंच होतं. आईने तरी पिशवी भरली."