न मळलेलं फडकं

वर्ग सुटला की पवारकाका खिशातून फडकं काढतात आणि हात पुसतात. आधी एकेक बोट, मग तळवा. हाताला काहीच लागलेलं नसतं.

तीस वर्षं त्यांनी लोखंड कातायच्या लेथवर काम केलं. कारखान्यातून लेथ गेले, म्हणून आता आमच्या तंत्रनिकेतनात ते थ्रीडी प्रिंटिंग शिकायला येतात. शिकवणारा मी, त्यांच्याहून वर्षभरच आधी शिकलेला. संगणकावर आकृती तयार करायची आणि मग यंत्रासमोर बसून राहायचं. प्लास्टिकचे थर एकावर एक चढत राहतात. नुसतं बघूनच शीण येतो. काका आयुष्यभर लोखंडातून नको ते काढत आले. पायाशी किसाचा ढीग साचला की आज काम झालं, हे डोळ्यांना दिसायचं. इथे खाली काही पडतच नाही. मग दिवस कशावरून मोजायचा, ते माझ्याही वहीत कुठे लिहिलेलं नाही.

काल न राहवून विचारलं, "काका, हात कुठे मळलेत?"

"तेच तर ना सर. महिना झाला, फडकं धुवायला पडलं नाही. बायको विचारते, नक्की शिकायलाच जाताय ना हो?"

मला हसायचं होतं, पण दिवसभर यंत्राकडे बघून तेवढंही त्राण उरलं नव्हतं.

वर्गाच्या कोपऱ्यात आमचा जुना लेथ बंद पडून आहे. निघताना काकांनी त्याच्या तेलकट अंगावरून फडकं एकदा फिरवलं, काळी बाजू वर ठेवून घडी घातली आणि घरी गेले.